पुढच्या वर्षातली आपा

बारावीचा निकाल लागला की टी.सी. आणि गुणपत्रिका न्यायला मुली येतात. आमच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर दोन-तीन दिवस बसायला जागा नसते. कुणासोबत अम्मी, कुणासोबत मामू, कुणासोबत नुसताच चौथीतला भाऊ. घरच्यांचे प्रश्न ठरलेले असतात. फी किती? बस कितीची? हॉस्टेल मुलींचंच आहे ना? सुटी कधी होते?

यांतल्या बऱ्याच प्रश्नांना आता बरी उत्तरं देता येतात. २०२३ च्या मार्चपासून एस.टी.त बायकामुलींना अर्धं तिकीट आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी २०२४ पासून पूर्ण माफ आहे. स्कॉलरशिपचे फॉर्म आहेत. कागद जमवायला त्रास होतो, पण काम होतं. मी या सगळ्याचा एक तक्ताच करून भिंतीवर लावला आहे.

पण एक प्रश्न कुणी विचारत नाही, आणि बरीच वर्षं मीही विचारला नाही. तिथे तिच्या ओळखीचं कोण आहे?

हा प्रश्न मला एका मुलीमुळे समजला. उशिरा समजला. जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यातली मुलगी, बारावी सायन्सला आमच्याकडे पहिली आली. अक्षर असं की मी तिच्या वह्या दुसऱ्या वर्गात नेऊन दाखवायचे. वडिलांचं पंक्चरचं दुकान. त्यांनी स्वतः तिला शहरातल्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला घातलं. आम्ही तिचा सत्कार केला, पेढे वाटले. दिवाळीच्या सुटीनंतर कळलं, तिने कॉलेज सोडलं. मी वडिलांना फोन केला. ते म्हणाले, ‘‘टीचर, उसका दिल नहीं लगा.’’ मीही ते मान्य केलं. दिल नाही लागलं, आपण काय करणार? त्यानंतर वर्षभरात तिचं लग्न झालं.

सात-आठ वर्षांनी एका वलीम्यात ती भेटली, कडेवर मूल घेऊन. बोलता बोलता मी तो विषय काढला. तिने जे सांगितलं त्यात मोठं असं काहीच नव्हतं. प्रॅक्टिकलच्या बॅचेस नोटीस बोर्डावर लागतात हे तिला माहीत नव्हतं, म्हणून पहिले दोन आठवडे ती चुकीच्या बॅचला जात राहिली आणि तिथल्या सरांनी सगळ्यांसमोर बाहेर काढलं. जर्नल कुठून घ्यायचं, कुणाची सही घ्यायची, हे विचारायला कुणी नव्हतं. तास दोनला संपायचे, गावाची बस साडेचारला. ते अडीच तास कुठे बसायचं हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. लेडीज रूमला कुलूप असायचं. चावी शिपाईमावशीकडे मागायची असते, हेही कुणी सांगितलं नाही. ‘‘सुबह से पानी नहीं पीती थी टीचर, जाना पड़ेगा करके.’’ इंग्रजीतून शिकवलेलं तिला समजत होतं. केमिस्ट्रीच्या पहिल्या चाचणीत तिला वर्गात सर्वांत जास्त मार्क होते. तरी ती घरी बसली. तीन महिन्यांत तिच्याशी ‘तू कुठली?’ एवढं बोलणारीही कुणी भेटली नव्हती.

ही गोष्ट डोक्यात असतानाच, गेल्या रमजानमध्ये, माझ्या चुलत नणंदेच्या मुलीचा फोन आला. ती न्यू जर्सीत शिकायला आहे. म्हणाली, ‘‘मामी, इथे कॉलेजात बहिणी मिळतात. फॉर्म भरावा लागतो!’’ मला वाटलं थट्टा करते आहे. थट्टा नव्हती.

अमेरिकेतल्या कॉलेजांत मुलींची अशी मंडळं असतात, त्यांना सोरोरिटी म्हणतात. लॅटिनमध्ये सोरोर म्हणजे बहीण. नावं ग्रीक अक्षरांची, आणि प्रत्येक कॉलेजात मंडळाची शाखा. शाखांनाही बहुधा अल्फा, बीटा, गॅमा अशी अक्षरं. ही पद्धत दीडशे वर्षांहून जुनी आहे. पण ही बहीणभावना फार काळ गोऱ्या मुलींपुरतीच होती. म्हणून १९०८ साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णी मुलींनी स्वतःची अल्फा कप्पा अल्फा काढली. अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्ष झालेल्या कमला हॅरिस याच मंडळातल्या.

आमच्या मुलीच्या शेजारच्या खोलीत राहणारी मुलगी ज्या मंडळाची होती, त्याचं नाव लॅम्डा थीटा अल्फा. ते लॅटिना मुलींचं. लॅटिना म्हणजे पोर्तो रिको, क्यूबा, मेक्सिको अशा प्रदेशांतून आलेल्या घरांतल्या मुली. घरात बहुधा स्पॅनिश, कॉलेजात इंग्रजी. आपल्या मुलींच्या घरी दखनी आणि बाहेर मराठी असते, तसंच म्हणा. १९७५ च्या डिसेंबरात न्यू जर्सीतल्याच कीन कॉलेजात हे मंडळ सुरू झालं, आणि लॅटिना मुलींचं ते देशातलं पहिलं. त्याच महिन्यात त्याच कॉलेजात लॅटिनो मुलांनीही आपलं मंडळ काढलं. अशा घरांतल्या बऱ्याच मुली कॉलेजात जाणारी पहिली पिढी होत्या. अर्ज कसा लिहायचा, प्राध्यापकांना कधी भेटायचं, हे त्यांच्या आयांना सांगता येत नव्हतं, कारण आया कॉलेजात गेलेल्याच नव्हत्या. आईला जे माहीत नाही ते सांगायला मोठी बहीण हवी, आणि घरात मोठी बहीणही तिथवर पोहोचलेली नसेल तर ती बाहेर शोधावी लागते. त्या मुलींनी हेच केलं.

मग हे ठिकठिकाणी झालं. १९८० मध्ये रटगर्स विद्यापीठात, १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या चिकोत, १९८७ मध्ये टेक्सासमधल्या लबक इथे, १९९० मध्ये आयोवात. सगळीकडे आपापल्या नावाची वेगळी मंडळं. आणि २००५ मध्ये अल्थिया कॉलिन्स आणि त्यांची मुलगी इमानी अब्दुल-हक या मायलेकींनी गॅमा गॅमा काय नावाची मुस्लिम मुलींची पहिली सोरोरिटी काढली. नेहमीच्या मंडळांत पार्ट्या आणि दारू चालायची, हिजाब घालणाऱ्या मुलीला तिथे जागा सापडेना. त्यांनी दारूला बंदी ठेवली आणि इतर धर्मांच्या मुलींना दार उघडं ठेवलं.

सगळंच चांगलं आहे असं मी म्हणत नाही. या मंडळांत वर्गणी असते, गुप्त विधी असतात. नव्या मुलींना ‘पारखून’ घेण्याच्या नावाखाली काही ठिकाणी छळ होतो. आपण त्याला सरळ रॅगिंग म्हणतो. ज्या बहिणी आधी परीक्षा घेतात आणि मग बहीण म्हणतात, त्या मला नकोत. पण एक गोष्ट मला त्या मुलीकडून शिकावीशी वाटली. ती म्हणाली, शाखेचं आयुष्य चार वर्षांचं असतं. चार वर्षांत सगळ्या जुन्या मुली पास होऊन निघून जातात. दरवर्षी पुढच्या मुलींनी मागच्या मुलींचा हात धरला नाही, तर शाखा बंद. इमारत राहते, नाव राहतं, पण शाखा बंद.

फोन ठेवल्यावर मला आपल्याकडच्या तीन बहिणी आठवल्या. फातिमा शेख यांच्यावर जानेवारीत सगळेच लिहितात, मीही लिहिलं आहे, म्हणून आज दुसऱ्या घरी जाऊ.

जोहरा, नाझली आणि अतिया. आडनाव फैजी, मुंबईच्या तय्यबजी खानदानाच्या नात्यातल्या. मधली नाझली मुरूड-जंजिऱ्याच्या नवाबांची बेगम झाली, म्हणजे कोकणातल्या आपल्या जंजिरा संस्थानाची राणी. धाकटी अतिया, जन्म १८७७ चा. बहुतेकांना ती माहीत असते अल्लामा इकबालांमुळे. १९०७ मध्ये लंडनला त्यांची भेट झाली, पत्रव्यवहार झाला, अतियाने पुढे इकबालांवर पुस्तकही लिहिलं. उर्दूच्या तासाला आम्हालाही तेवढंच सांगितलं होतं. पण अतिया लंडनला कशासाठी गेली होती, हे मला बी.एड. होऊन कितीतरी वर्षं झाल्यावर कळलं, आणि मी वाचता वाचता हसलेच. ती शिक्षिका व्हायला गेली होती! सरकारी स्कॉलरशिप घेऊन, १९०६ मध्ये, मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात. मुलींच्या माध्यमिक शाळांना बाई-शिक्षक तयार करून देण्यासाठी १८७८ साली निघालेलं ते कॉलेज. आजच्या भाषेत, अतिया बी.एड. करायला गेली होती. पाठ टाचण काढणाऱ्या आणि सराव पाठाच्या आदल्या रात्री झोप न लागणाऱ्या आपल्या सगळ्या शिक्षक भगिनींची ती थोरली.

लंडनमध्ये मुंबईची मुस्लिम मुलगी, त्या काळात, त्या वर्गात. अशी दुसरी कोण असणार? एकटेपण किती असेल याचा हिशोब तुम्हीच करा. तिने काय केलं, तर रोज लिहिलं. रोजनामचा लिहून ती जोहराला पाठवायची. जोहरा तो नीट करून ‘तहजीब-ए-निस्वां’ला द्यायची. १८९८ मध्ये लाहोरला सुरू झालेलं हे बायकांचं उर्दू साप्ताहिक. त्याच्या संपादक मुहम्मदी बेगम, म्हणजे संपादकही बाईच. त्या साप्ताहिकाच्या वाचक एकमेकींना ‘तहजीबी बहनें’ म्हणायच्या. कुणी पंजाबात, कुणी दख्खनमध्ये, कित्येकींनी एकमेकींचं तोंडही पाहिलेलं नाही. घराच्या उंबऱ्याबाहेर न पडलेल्या मुली दर आठवड्याला वाचत होत्या की आपल्यातली एक विलायतेत वर्गात बसते, तास करते, थकते, पुन्हा उठून जाते.

अतिया कोर्स पूर्ण करू शकली नाही. तब्येत बिघडली आणि १९०७ मध्ये ती परत आली. सर्टिफिकेट नाही. आपल्याकडे अशा मुलीला लोक काय म्हणतात ते मी सांगायला नको. ‘गई थी बड़ी पढ़ने.’ पण जोहराने तो रोजनामचा कपाटात ठेवला नाही. पुढे त्याचं ‘जमाना-ए-तहसील’ नावाचं पुस्तक झालं. तहसील म्हणजे इल्म मिळवणं, तहसील कचेरी नव्हे. माझ्या नववीच्या वर्गाला नाव सांगितलं तेव्हा सगळे पाथरीच्या तहसीलदारांबद्दल बोलायला लागले. अतिया अर्ध्यातून परतली, तरी तिने मागच्या मुलींसाठी रस्त्याचा नकाशा सोडला. तिला परदेशात लिहायला लावणारी आणि इकडे ते छापून आणणारी बहीण घरात होती. आमच्या जिंतूरच्या मुलीला ती नव्हती. हुशारीत ती कुठे कमी होती?

ज्यांच्या घरात जोहरा नाही त्यांचं काय, याचं उत्तर त्याच काळात अलीगढला शोधलं गेलं. शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी आधी १९०४ मध्ये ‘खातून’ नावाचं मासिक काढलं आणि १९०६ मध्ये मुलींची शाळा. शाळेला येणाऱ्या मुली त्याच गावच्या. बाहेरगावच्या मुलींसाठी १९१४ मध्ये हॉस्टेल निघालं, भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम त्यासाठी आल्या होत्या. परक्या गावी मुलगी ठेवायची ही कल्पनाच लोकांना सहन होईना. तेव्हा वहीद जहाँ बेगम स्वतः त्या मुलींबरोबर राहिल्या, आपल्या मुली त्यांच्यात ठेवल्या. मुली त्यांना आला बी म्हणत. शेखसाहेब पापा मियाँ. आणि पुढच्या वर्गातली प्रत्येक मुलगी मागच्या वर्गातलीची आपा. त्यांची मुलगी मुमताज जहाँ पुढे तिथल्याच कॉलेजची प्रिन्सिपल झाली, तरी सगळ्यांसाठी ती मुमताज आपाच. रशीद जहाँ, इस्मत चुगताई अशा किती जणी या शाळेतून गेल्या. त्यांचं लिखाण कुणाला आवडो न आवडो, त्या शिकल्या. ‘आपा’ हा शब्द आपल्या घरात फुकट पडलेला असतो. तिथे त्यांनी तो कामाला लावला.

मला स्वतःला एक आपा मिळाली होती, नशिबाने. बी.एड.ला मी औरंगाबादला होते. खोलीत चौघी, त्यात बीडची एक बाजी, आमच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, लग्न झालेली, दोन वर्षांची मुलगी सासूकडे ठेवून आलेली. पहिल्या सूक्ष्म अध्यापनाच्या पाठाला माझी मराठी अडखळली. डी.एड. उर्दूतून झालेलं, ‘उद्दिष्टे’ आणि ‘स्पष्टीकरणे’ हे शब्द तोंडात बसत नव्हते. मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. त्या रात्री मी बॅग भरली होती, खरंच भरली होती. बाजीने काही समजावलं नाही. बॅगेतून माझी टाचण वही काढली आणि म्हणाली, ‘‘चल, मला शिकव. मी सातवीतला पोरगा आहे.’’ आणि रात्री बारापर्यंत ती सातवीतल्या पोरासारखे मूर्ख प्रश्न विचारत राहिली. आज मी दोन्ही भाषांत शिकवते. त्या वेळी ती दुसऱ्या खोलीत असती तर? मी हा प्रश्न मनात येऊ देत नाही. पण माझ्या विद्यार्थिनींना मात्र मी तसंच नशिबावर सोडलं होतं.

म्हणून तीन वर्षांपूर्वी एक वही केली. दोनशे पानी, साधी. तिचं नाव आपा वही. आमच्या शाळेतून बारावी होऊन कुठली मुलगी कुठल्या कॉलेजात, कुठल्या वर्षाला आहे, हे तिच्यात लिहायचं. जून-जुलैत नवी मुलगी जिथे प्रवेश घेईल, तिथली आधीची मुलगी तिची आपा. आपाची कामं चार ओळींत पहिल्या पानावर आहेत: पहिल्या दिवशी बसस्टँडवर भेटायचं, नोटीस बोर्ड आणि लेडीज रूम दाखवायची, आठवड्यातून एकदा डबा सोबत खायचा, आणि मुलगी सलग तीन दिवस दिसली नाही तर मला फोन करायचा. पैसे नाहीत, अध्यक्ष-सचिव नाहीत, शपथ नाही. मुलीचा नंबर आधी घरच्यांना विचारूनच देतो. आपाच्या आईलाही भेटायला बोलावतो, म्हणजे दोन्ही घरांची ओळख होते आणि संध्याकाळी उशीर झाला तर ‘कुणासोबत आहे’ याचं उत्तर अम्मीकडे असतं.

सुरळीत चाललं असं म्हणणार नाही. पहिल्या वर्षी एका मोठ्या मुलीने सरळ सांगितलं, मला माझा अभ्यास आहे. एका वडिलांनी ‘ये कौन सी अंजुमन निकाली टीचर?’ म्हणून नाव लिहू दिलं नाही. सेलूच्या एका मुलीला जिची आपा म्हणून दिली, तिचंच लग्न ऑगस्टमध्ये ठरलं आणि तिने कॉलेज सोडलं. मग आपा नसलेली ती मुलगी रडत माझ्याकडे आली. ज्या कॉलेजात आमची कुणीच नाही तिथे काय करायचं, हाही प्रश्न होता. मानवतच्या एका मुलीसाठी आम्ही त्याच वर्गातल्या एका मराठी शाळेच्या मुलीला विचारलं, शेतकऱ्याची मुलगी, तीही एकटीच बसने येणारी. आता दोघी एकमेकींच्या आपा आहेत. ती पहिल्यांदा यांच्या घरी शीरखुर्मा प्यायला आली, तेव्हा हिच्या दादीने तिला ईदी दिली आणि ‘आपाला ईदी घ्यायची नसते, द्यायची असते’ म्हणून दोघी भांडल्या.

मुलींची आणखी एक तक्रार होती: सगळं तुम्हीच ठरवता. बरोबर होतं. यंदापासून वही माझ्या कपाटात नाही, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या मुलीकडे आहे. ती पास झाली की पुढचीकडे जाईल. न्यू जर्सीची ती चार वर्षांची गोष्ट मी त्यांना सांगितली होती. एकीने लगेच विचारलं, ‘‘टीचर, आपल्या शाखेचं अक्षर कोणतं?’’ खूप वाद झाला. अलिफ ठरलं, कारण आपा अलिफवरून, आणि मराठी शाळेच्या मुलीलाही एक उभी रेघ काढायला सोपी. वहीच्या कव्हरवर आता निळ्या शाईची एक रेघ आहे.

गेल्या जुम्म्याला दुपारी फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता. जिंतूरची तीच मुलगी. तिच्या धाकट्या नणंदेला बी.एस्सी.ला प्रवेश मिळालाय, त्याच कॉलेजात. सासरे तयार आहेत, सासूबाई थोड्या घाबरल्या आहेत. ‘‘टीचर, तिचं नाव वहीत लिहून घ्या,’’ ती म्हणाली. मी म्हटलं, लिहिते, पण सायन्सला आमची सध्या कुणीच नाही, आपा कुणाला द्यायची? ती थोडा वेळ गप्प राहिली. मागे प्रेशर कुकरची शिटी झाली. मग म्हणाली, ‘‘पहिल्या दिवशी मीच येते सोबत. चावी कुणाकडे असते ते मला माहीत आहे.’’